स्पॅनिशचे चौथे वर्ष

आमच्या भागातील शाळेत जानेवारी संपत आला की पुढच्या वर्षाचे विषय निवडण्याचा फॉर्म पालकांच्या खात्यात येऊन पडतो. मुलाने विषय निवडायचे, त्या त्या विषयाच्या शिक्षकांनी शिफारस करायची आणि शेवटी पालकांनी संमती द्यायची, असा त्याचा क्रम असतो. दोन वर्षांपूर्वी, लेक दहावीत असताना, हा फॉर्म आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडा पडला होता, शेजारी थालीपीठ गार होत होते, आणि आठ तासिकांच्या तक्त्यात नऊ विषय कोंबण्याची खटपट चालली होती. तिला एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या अभ्यासक्रमातले, कम्प्युटर सायन्स हवे होते आणि ऑर्केस्ट्रातले व्हायोलिन सोडायचे नव्हते. मग एकच तासिका उरत होती जिच्यावर कात्री चालवता येईल, ती म्हणजे स्पॅनिश.

"आई, राज्याला एकच वर्ष लागतं. माझी तीन होतील. बास ना?"

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. न्यू जर्सीमध्ये शाळा उत्तीर्ण होण्यासाठी परक्या भाषेचे पाच क्रेडिट, म्हणजे एका वर्षाचा अभ्यासक्रम पुरतो. पण राज्याला काय पुरते आणि कॉलेजला काय पुरते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तोवर मला ऐकून ठाऊक होते. त्या रात्री ती झोपायला गेल्यावर मी एकेका कॉलेजचे संकेतस्थळ उघडून वाचत बसले. कॅलिफोर्निया विद्यापीठाला एकाच परक्या भाषेची दोन वर्षे आवश्यक वाटतात आणि तीन केली तर अधिक बरे असे ते सांगते. एमआयटी दोन वर्षांची शिफारस करते. स्टॅनफर्डला तीन किंवा अधिक वर्षे हवीशी वाटतात. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन मात्र एकाच भाषेची चार वर्षे म्हणतात. राज्याच्या एका वर्षापासून हार्वर्डच्या चार वर्षांपर्यंतचा हा जिना चढताना माझ्या लक्षात आले की वरच्या बहुतेक पायऱ्यांवर 'आवश्यक' हा शब्द नाही. तिथे लिहिलेले असते 'शिफारस'.

आपल्याकडे वाढलेल्या माणसाची इथेच पंचाईत होते. माझे शिक्षण सांगलीला झाले. आम्हाला प्रवेश म्हणजे गुणवत्ता यादी, कट ऑफ आणि भिंतीवर चिकटवलेला कागद हेच माहीत. एखादी गोष्ट अट असते किंवा नसते, मधले काही नसते. 'शिफारस' हा शब्द मला पंगतीतल्या आग्रहासारखा वाटला. 'अजून एक पुरणपोळी घ्याच' असे म्हणणारे यजमान सक्ती करत नाहीत, पण कोणी घेतली आणि कोणी पानावर हात आडवा धरला हे त्यांच्या लक्षात राहते. ज्या हार्वर्डमध्ये अलीकडे अर्ज करणाऱ्या शंभरांतल्या जेमतेम चारांना प्रवेश मिळतो, तिथे बहुसंख्य उमेदवारांनी मुकाट्याने चौथी पोळी घेतलेली असते, एवढे गणित मला कळले.

या शिफारशीचे वजन नेमके कुठे पडते हे शोधायला मी आणखी एक उद्योग केला. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालये दरवर्षी 'कॉमन डेटा सेट' नावाचे एक लांबलचक पत्रक भरतात आणि ते कोणालाही उतरवून घेता येते. त्यात एका तक्त्यात शाळेतील कोणत्या विषयाची किती वर्षे आवश्यक आणि किती शिफारस केलेली, हे विषयवार लिहिलेले असते आणि तिथे परक्या भाषेला स्वतःची ओळ आहे. पुढच्याच एका तक्त्यात प्रवेश ठरवताना कशाला किती महत्त्व दिले जाते याची यादी असते: अभ्यासक्रमाची कठीणता, गुण, निबंध, शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे उपक्रम आणि बरेच काही. या दुसऱ्या यादीत भाषेचे नाव कुठेही नाही. भाषा त्यातल्या पहिल्याच ओळीत, 'अभ्यासक्रमाची कठीणता' या शब्दांत, विरघळलेली असते, आणि ती ओळ बहुतेक नामांकित ठिकाणी 'अत्यंत महत्त्वाची' या रकान्यात असते. मीठ किती घातले हे पदार्थाकडे बघून सांगता येत नाही, पण नसले की पहिल्या घासाला कळते, तशातला हा प्रकार आहे. त्यामुळे 'भाषेमुळे प्रवेश मिळाला' असे छातीठोकपणे सांगणारे पालक भेटले की मी हल्ली विषय बदलते.

असे पालक मात्र पुष्कळ भेटतात. आमच्या व्हॉट्सॲप गटात या विषयावर जेवढे सिद्धान्त ऐकायला मिळतात तेवढे पत्रिका पाहणाऱ्यांच्या गटातही मिळणार नाहीत. कोणी म्हणते, स्पॅनिश सगळेच घेतात, मुलाला मँडरिनला, म्हणजे चिनी भाषेला, घाला म्हणजे तो उठून दिसेल. कोणी लॅटिनचा कैवार घेते, कारण त्याने इंग्रजी शब्दसंग्रह वाढतो आणि शिवाय ते भारदस्त दिसते. लॅटिनचा भारदस्तपणा अगदीच निराधार नाही. सतराव्या शतकाच्या मध्यावर हार्वर्डमध्ये पाऊल ठेवायचे तर सिसेरोसारखा लेखक समोर धरताच समजला पाहिजे, लॅटिनमध्ये गद्य-पद्य रचता आले पाहिजे आणि ग्रीक शब्दांची रूपे चालवता आली पाहिजेत, असा नियम होता. पण आज कोणत्या भाषेची निवड केली यापेक्षा ती कुठवर नेली हेच पाहिले जाते, असे माझे मत झाले आहे, आणि मँडरिनविषयीचा सल्ला तर मला घातक वाटतो. त्याचे कारण साधे अंकगणिताचे आहे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची संस्था आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. तिच्या अनुभवाप्रमाणे इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला स्पॅनिशमध्ये कामकाज करण्याइतके तयार व्हायला वर्गातले ६०० ते ७५० तास लागतात आणि मँडरिनला सुमारे २२००. आता शाळेकडे वळू. पाऊण तासाची तासिका, वर्षाचे १८० दिवस, म्हणजे वर्षाला १३५ तास. चार वर्षांचे होतात ५४०. म्हणजे चार वर्षे नेटाने स्पॅनिश शिकलेले मूल त्या उंबरठ्याच्या जवळपास पोहोचते, दोन वर्षांत सोडणारे भूतकाळाची रूपे घोकताना मध्येच उतरते, आणि मँडरिनचे मूल चार वर्षांनंतरही पाव वाटेवर उभे असते. मँडरिनची ओढ असेल तर ती पाव वाटही आनंदाची आहे, ओढ नसेल तर केवळ अर्जात उठून दिसण्यासाठी मुलाला त्या रस्त्याला लावणे म्हणजे निव्वळ छळ आहे. शिवाय एपी चायनीजच्या परीक्षेला घरी चिनी बोलणारी मुले इतकी बसतात की या परीक्षा घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्था काही भाषांच्या निकालात मुख्यतः अमेरिकी शाळेतच ती भाषा शिकलेल्या मुलांचे आकडे वेगळे काढून दाखवते. उठून दिसायला निघालेले आपले मूल त्या गर्दीत कुठे उभे राहणार, याचा विचार सल्ला देणाऱ्याने केलेला नसतो.

दुसऱ्या आठवड्यात शाळेतील गायडन्स कौन्सेलरला, म्हणजे विषयनिवड आणि कॉलेजप्रवेशाबाबत सल्ला देणाऱ्या बाईंना, भेटायला गेले तेव्हा 'चौथे वर्ष' या शब्दांतच किती गुंता आहे हे कळले. लेकीने स्पॅनिशची पहिली पातळी आठवीतच, मिडल स्कूलमध्ये, पूर्ण केली होती. म्हणून दहावीत ती तिसऱ्या पातळीवर होती, पण हायस्कूलमधील वर्षे मोजली तर ते तिचे दुसरेच वर्ष होते. मग हार्वर्डची चार वर्षे कुठून मोजायची? कौन्सेलरबाईंनी शांतपणे सांगितले की पुष्कळ ठिकाणी वर्षांपेक्षा पातळी पाहतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर लिहूनच ठेवले आहे की सातवी-आठवीत शिकलेली भाषा धरली जाते आणि वरची पातळी किमान 'सी' श्रेणीने पार केली की खालची आपोआप झाली असे मानले जाते. मग त्यांनी मला त्यांच्या बाजूचा कागद दाखवला. प्रत्येक अर्जासोबत शाळेकडून एक अहवाल जातो आणि त्यात त्या मुलाचा अभ्यासक्रम, शाळेतील इतरांच्या तुलनेत, 'साधारण'पासून 'सर्वांत कठीण'पर्यंत कोणत्या पायरीवर होता यावर कौन्सेलरला खूण करावी लागते. सोबत शाळेची माहितीही जाते, इथे कोणते विषय आहेत आणि कुठपर्यंत शिकवले जातात याची. "ज्या शाळेत भाषा दोनच वर्षे शिकवली जाते तिथल्या मुलाला कोणी चौथे वर्ष विचारत नाही," त्या म्हणाल्या, "पण आपल्याकडे एपीपर्यंत आहे. असताना सोडले, तर ते दिसते." त्यांनी सोडू नका असे म्हटले नाही आणि सोडा असेही म्हटले नाही. सरकारी कचेरीत काही सुचवायचे पण सांगायचे नसते तेव्हा माणसे जसे बोलतात, तसेच ते बोलणे होते.

घरी परतताना गाडीत मला माझ्याच संस्कृतची आठवण येत राहिली. आमच्या वेळी आठवीत पूर्ण संस्कृत घ्यायचे की हिंदी-संस्कृत संयुक्त, असा प्रश्न आला की घरात चर्चा व्हायची ती फक्त गुणांची. संस्कृत 'स्कोरिंग' आहे, या एका वाक्यावर निम्मा महाराष्ट्र कालिदासापर्यंत जाऊन परत आला असेल. त्या भाषेतील प्रावीण्याला एके काळी आपल्याकडे केवढी प्रतिष्ठा होती: १९१२ च्या मॅट्रिकला पहिले आलेले चिंतामणराव देशमुख यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली होती, आणि पुढे ते देशाचे अर्थमंत्री झाले तरी त्यांच्याविषयी लिहिताना ही शिष्यवृत्ती कोणी विसरत नसे. मला शंभरपैकी सत्त्याण्णव मिळाले. अकरावीला विज्ञान शाखेत गेले आणि मराठी सोडून जर्मन घेतले, कारण वर्गातल्या हुशार मुलींनी तेच केले होते. आज विचाराल तर रामरक्षा आणि 'रामः रामौ रामाः' एवढे संस्कृत शिल्लक आहे, आणि जर्मनचे म्हणाल तर नामाला लिंग असते आणि ते पाठ करावे लागते, इतकेच. भाषेला गुणपत्रिकेची चाकरी करायला लावण्यात मी लेकीच्या किती तरी पुढे होते. तिने निदान तीन वर्षे आवडीने केली होती.

आवडीने म्हणते, ते एका प्रसंगामुळे. स्पॅनिशच्या पहिल्या वर्षी एके दिवशी ती ओट्यापाशी उभी राहून मला गृहपाठ वाचून दाखवत होती. वर्गातील सगळी मुले एका वाक्यापाशी अडली होती. इंग्रजीत 'आय लाइक' म्हणताना आवडणारा माणूस कर्ता असतो, पण स्पॅनिशमध्ये म्हणतात 'मे गुस्ता एल मांगो', आणि आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद माझ्यामागे न जाता आंब्यांच्या मागे का जाते, हे बाईंनी तीनदा समजावले तरी कोणाच्या डोक्यात शिरत नव्हते. "मला पहिल्यांदाच कळलं," ती म्हणाली, "कारण आपण तेच म्हणतो ना? मला आंबा आवडतो. मला आंबे आवडतात." मी कणीक मळता मळता थांबले. मी जन्मभर हे वाक्य बोलत आले होते आणि त्यातला कर्ता आंबा आहे हे मला कधीच जाणवले नव्हते. दहावीत सब्जंक्टिव्ह नावाचे प्रकरण आले तेव्हाही तेच झाले. 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' यातले 'यावेस' ते हेच, हे तिने मला सांगितले, आणि विध्यर्थ हा शब्द पंचवीस वर्षांनी माझ्या तोंडून बाहेर पडला.

हे तिच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये कुठेच दिसणार नाही. तिथे फक्त 'स्पॅनिश ३' आणि त्यापुढे एक अक्षर. ज्या भाषेच्या आधाराने ती वर्गात सर्वांच्या आधी पुढे गेली, त्या भाषेला तर तेवढीही ओळ नाही. एपीमध्ये आज सात भाषा आहेत: स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन. त्यांत हिंदी नाही, मग मराठीचे काय घेऊन बसलात. कॉलेजप्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या आणि २०२१ मध्ये बंद झालेल्या सॅट सब्जेक्ट टेस्ट या विषयवार परीक्षांमध्ये हिब्रू आणि कोरियन होत्या, पण भारतातली एकही भाषा नव्हती. आपल्याच मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात मराठीला जागा मिळावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना किती झगडावे लागले ते आठवले की परक्यांना दोष देताना जीभ जरा अडखळते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आमच्या गटात पेढ्यांची चित्रे फिरली, आणि त्याच आठवड्यात मुलांना फ्रेंच घालावे की मँडरिन, ही चर्चाही पुढे चालू राहिली.

कॅलिफोर्नियाच्या नियमात एक गंमत आहे. सहावी किंवा त्यापुढची दोन वर्षे इंग्रजीखेरीज अन्य माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या मुलाची भाषेची अट पुरी झाली असे तिथे धरतात. म्हणजे सांगलीच्या मराठी शाळेतून सातवी होऊन मी त्या विद्यापीठात अर्ज केला असता तर माझी मराठी आपोआप परकी भाषा म्हणून मोजली गेली असती. लेकीची रविवारची मराठी तशी आपोआप मोजली जात नाही, तिच्यासाठी काहीतरी दाखला उभा करावा लागतो. ती सात वर्षे मराठी शाळेत जात होती. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत अशा शाळा ठिकठिकाणी भरतात. आमची एका चर्चच्या तळघरात भरते, आणि तिथे फळ्यावर 'ळ' काढताना मुलांचे हात आठ काढून थांबतात. काही भागांतल्या सरकारी शाळा या अभ्यासाला क्रेडिट देतात, कारण तिथल्या पालकांनी वर्षानुवर्षे शाळा-मंडळांच्या बैठकांना जाऊन ते मिळवले आहे. शिवाय 'सील ऑफ बायलिटरसी' म्हणून एक मोहोर आहे. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये तिचा कायदा केला आणि मग बहुतेक राज्यांनी तोच कित्ता गिरवला. दोन भाषांत वाचता, लिहिता, बोलता आणि ऐकून समजता येते हे परीक्षेने सिद्ध केले की ती शाळेच्या प्रमाणपत्रावर उमटते, आणि अशा परीक्षांमध्ये आता मराठीचीही सोय झाली आहे. प्रवेशाच्या तराजूत या मोहोरेचे वजन फार आहे असे मी म्हणणार नाही. बारावीच्या शेवटी मिळणारी मोहोर बारावीच्या सुरुवातीला भरलेल्या अर्जाला किती उपयोगी पडणार? पण घरची भाषा शाळेच्या कागदावर आणणारा तो एक रस्ता आहे, आणि आम्ही त्यावर उशिरा पोहोचलो. लेकीने मराठी शाळा आठवीतच सोडली होती, कारण रविवारी सकाळी ऑर्केस्ट्राच्या तालमी सुरू झाल्या होत्या.

फॉर्मचे काय झाले ते सांगते. स्पॅनिशची चौथी पातळी तिने घेतली, कम्प्युटर सायन्स बारावीवर ढकलले, आणि बारावीत एपी स्पॅनिशसह दोन्ही बसवण्यासाठी ऑर्केस्ट्रा सोडला. निर्णय तिचा होता असे आम्ही सर्वांना सांगतो. खरे सांगायचे तर मी त्या आठवड्यात तो कॉमन डेटा सेट छापून फ्रिजवर लावला होता, आणि फ्रिज दिवसातून दहा वेळा उघडला जातो. व्हायोलिनची पेटी तिच्या पलंगाखाली आहे. झाडू मारताना ती पुढे येते, मी पुसून पुन्हा आत सरकवते. चौथ्या वर्षामुळे तिच्या स्पॅनिशला खरोखर पालवी फुटली, गच्चीचे पत्रे दुरुस्त करायला आलेल्या ग्वातेमालाच्या माणसाशी ती अर्धा तास बोलत उभी होती आणि त्याच्या गावच्या ज्वालामुखीची हकीकत तिने मला येऊन मराठीत सांगितली. तरी ती पेटी पाहिली की हिशेब जुळत नाही.

यंदा ती बारावीत आहे. ऑक्टोबरमध्ये एका रात्री कॉमन ॲपचा, म्हणजे अनेक कॉलेजांना एकदमच चालणारा, ऑनलाइन अर्ज भरत होती. त्यात एक छोटासा भाग आहे: तुम्हाला किती भाषा चांगल्या येतात? संख्या निवडली की प्रत्येक भाषेपुढे चौकटी उघडतात: पहिली भाषा, बोलता येते, वाचता येते, लिहिता येते, घरी बोलली जाते. तिने तीन हा आकडा निवडला. इंग्रजीच्या सगळ्या चौकटींत खुणा झाल्या. स्पॅनिशला बोलता, वाचता, लिहिता येते, अशा तीन झाल्या, एका क्षणाचाही विचार न करता.

मराठीपाशी ती थांबली.

"आई, माझी पहिली भाषा कुठली?"

"तू पहिला शब्द 'भू' म्हणाली होतीस. कुत्र्याला," मी म्हटले.

तिने हसून पहिली खूण केली. बोलता येते, खूण. घरी बोलली जाते, खूण. वाचता येते याला जरा वेळ लागला. शेल्फवरचा दिवाळी अंक तिने उचलला, मुखपृष्ठावरची दोन वाक्ये ओठ हलवत वाचली, 'ज्ञ'पाशी अडखळली, पार झाली, आणि तीही खूण केली. मग तिने वही ओढली आणि पेन्सिलीने लिहिले: मला आंबे आवडतत. लिहून वहीकडे बघत राहिली. काहीतरी चुकले आहे एवढे तिला दिसत होते, काय ते सापडत नव्हते. मी बोट ठेवणार तेवढ्यात तिने माझा हात अडवला, वाक्य पुन्हा पुटपुटली आणि पहिल्या 'त'ला काना दिला.

"कर की खूण," मी म्हटले.

"एका वाक्याला?" ती म्हणाली, आणि चौकट रिकामी ठेवून पुढच्या पानावर गेली.